तारेची आस

डिसेंबरातली रात्र, सव्वाबारा वाजून गेलेले. कानांवर हेडफोन, मांडीवर गिटार. बाखच्या ई मायनर सुइटमधल्या बूरे या नृत्याचा पहिला भाग नुकताच वाजवून झाला होता. हा भाग जी या सुरावर येऊन थांबतो. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट दाबलं की मिळणारा खालचा, भरदार जी. बोट न उचलता मी तो सूर पुरता विरेपर्यंत थांबलो, आणि विरता विरता तो डुलायला लागला. एका सेकंदात दोनदा फुगायचा, दोनदा ओसरायचा. छेडला तेव्हा ठाम असलेला सूर शेवटी वाऱ्यातल्या ज्योतीसारखा हलत होता.

ट्यूनर लावून पाहिला, सूर बरोबर. तार आठ दिवसांपूर्वीच बदललेली. फ्रेट घासली गेली असेल म्हणून बॅटरीच्या उजेडात निरखली, तीही ठीक. शेजारचे सूर इतके डुलत नव्हते, हा एकच डुलत होता. स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज बंद करून आलो. पुन्हा वाजवला. पुन्हा तेच. मग गिटार बाजूला ठेवली आणि नुसत्या शांततेचं एक मिनिट रेकॉर्ड केलं. लॅपटॉपच्या पडद्यावर त्या शांततेत एक बारीक, सरळ रेघ दिसली. सेकंदाला शंभर कंपनांवर.

सहाव्या तारेवरचा तो जी आहे ९८ कंपनांचा. ९८ आणि १०० एकत्र वाजले की सेकंदाला बरोबर दोन ठोके पडतात. तंबोरा मिळवणाऱ्या कुणालाही हे ठोके ओळखीचे. दोन तारा जवळ येतात तसे ते मंदावतात आणि सूर मिळाला की थांबतात. माझ्या खोलीत एक तार माझी होती, दुसरी कुणाची?

खिडकी उघडली तेव्हा कळलं. बांधापलीकडे अण्णांच्या विहिरीवरची मोटर चालू होती. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, आणि मोटरची गुणगुण त्याच्या दुप्पट, म्हणजे शंभरावर. शेतीची थ्री-फेज लाइन काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती आणि अण्णा गव्हाला पाणी देत होते.

सूर छेडल्याक्षणी ही गुणगुण ऐकू येत नाही, कारण सूर तिच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. तो ओसरत ओसरत तिच्याइतका बारीक झाला की मग दोन्ही एकमेकांत अडकतात. म्हणजे बिघाड होता तो सुराच्या सरत्या काळात. इतकी वर्षं मी सुराच्या सुरुवातीवर मेहनत घेतली होती. नख कसं लागतं, तार कुठे छेडायची, बोटाचा कोन किती. तो संपतो कसा, हे मी त्या रात्री पहिल्यांदा कान देऊन ऐकलं.

आपल्या तंतकारांकडे याला नेमका शब्द आहे, आस. तार छेडल्यावर सूर जो मागे रेंगाळतो ती त्याची आस. वाद्य निवडताना जाणकार माणूस एक तार छेडून गप्प बसतो, तो आसच ऐकत असतो. मिरजेचा चांगला तंबोरा घ्या. घोडीवर, तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावलेली असते. त्यामुळे तार छेडल्यावर सूर क्षणभर मागे राहतो, मग उमलतो, त्यातून वरचे सूर एकेक करून बाहेर येतात, आणि तो सरायच्या आत पुढची तार आलेली असते. तंबोऱ्याच्या आसेवर गवई अख्खी मैफल उभी करतो.

गिटारकडे ही श्रीमंती नाही. नायलॉनची तार छेडली की सूर त्याच क्षणापासून मरायला लागतो. वरच्या तारांचा तर फारच लवकर. बरोक काळात नायलॉनही नव्हतं, आतड्याच्या तारा होत्या. नायलॉनच्या तारा १९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीनने बनवल्या आणि गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाने त्या जगभर नेल्या. त्याआधीची तीनशे वर्षं ल्यूट आणि गिटार वाजवणारे अल्पायुषी सुरांशीच संसार करत होते. म्हणूनच त्यांनी आस वाढवायचे इतके मार्ग शोधले. जीवा एकदम न वाजवता तिचे सूर एकामागून एक मोकळे सोडायचे, म्हणजे एक विरत असताना दुसरा त्याला हात देतो. लांब सुरावर मुरकीसारखा ट्रिल घ्यायचा, म्हणजे तो मरायच्या आत पुन्हा पुन्हा जागा होतो. या जागा शोभेसाठी असतात असं मला शिकताना वाटायचं. माइकसमोर बसल्यावर कळलं की त्या सुराला जगवण्यासाठी आहेत.

यातला सर्वांत देखणा मार्ग स्पेनमधल्या गास्पार सान्सच्या पुस्तकात आहे. स्पॅनिश गिटार शिकवणारं त्याचं हे पुस्तक सारागोसाला १६७४मध्ये निघालं. मराठी वाचकाला हे साल वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी ६ जूनला रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला. मी राहतो तो हा मुळशीचा मुलूख म्हणजे मावळच. इथली माणसं गडाच्या बांधणीत आणि लढाईत होती, तेव्हा तिकडे एक शिक्षक पाच जोडतारांच्या गिटारवर बोटं कशी ठेवायची ते समजावून लिहीत होता. दोघांना एकमेकांची खबर नव्हती. पण सालं अशी शेजारी ठेवली की परदेशी वाटणारं संगीत माझ्या अंगणाच्या काळात येऊन बसतं, आणि मला ते आवडतं.

तर सान्स. त्याने सांगितलेला प्रकार म्हणजे कांपानेला. शब्दशः अर्थ लहान घंटा. सरळ सरगम एकाच तारेवर वाजवली तर पुढच्या सुरासाठी बोट सरकतं आणि मागचा सूर तिथेच तुटतो. सान्स म्हणतो तसं तेच सूर वेगवेगळ्या तारांवर वाटून दिले, शक्य तिथे मोकळ्या तारा घेतल्या, तर मागचा सूर वाजत राहतो आणि पुढचा त्याच्या अंगावर येऊन पडतो. सा अजून विरतोय, रे आला, दोघे विरतायत, ग आला. देवळात ओळीने टांगलेल्या घंटा मुलं पळत पळत वाजवत जातात तेव्हा जो गलबला होतो तो अगदी हलक्या हाताने केला तर असा ऐकू येईल. त्याचं ‘कानारियोस’ हे नृत्य आजही जगभर गिटार शिकणारी मुलं वाजवतात. सहा मात्रा, कधी तीन-तीन अशा पडतात, कधी दोन-दोन-दोन. पाय आपोआप हलतात.

घंटांवरून मला मेणवली आठवते. वाईजवळ कृष्णेच्या काठी नाना फडणविसांचा वाडा आहे आणि खाली घाटावर एका लहानशा देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. ती चर्चची घंटा. चिमाजीअप्पांनी मे १७३९मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या गेल्या आणि पुढे महाराष्ट्रातल्या देवळांत पोचल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली तर प्रसिद्धच आहे. शाळेच्या सहलीत ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते, पराक्रमाची म्हणून. संगीताच्या बाजूने तिच्याकडे कुणी पाहत नाही. बरोक काळातला युरोपीय आवाज आमच्या मुलखात आला तो या घंटांमधून, आणि त्या आजही वाजतात.

ज्या राजाची वसई गेली तो पोर्तुगालचा जुआंव पाचवा. त्याच्या दरबारात पूर्वी डोमेनिको स्कार्लाती संगीत पाहत होता, राजकन्येला शिकवत होता. स्कार्लातीने १७३८मध्ये आपल्या तीस सोनाटा छापल्या त्या याच राजाला अर्पण करून. वर्षभरात वसई पडली. आणि त्याच १७३९मध्ये ड्रेस्डेनचा मोठा ल्यूटवादक वाइस लाइपझिगला बाखच्या घरी गेला आणि तिथे त्याने वादन केलं. दोघे तोवर पन्नाशी ओलांडलेले, दोघांचाही मृत्यू १७५०मधला. आज त्या काळाचं गिटारवर जे काही वाजतं, त्यातला मोठा वाटा या तिघांचा, बाख, वाइस आणि स्कार्लातीचा.

मेणवलीच्या घंटेला मी बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहिली होती. लोलकाने नाही, नुसत्या पेराने, आणि कान जवळ नेऊन ऐकलं. युरोपातल्या चर्चच्या घंटांच्या घडणीतच एक गोष्ट असते, मूळ सुराबरोबर त्याचा कोमल गंधार वाजतो. म्हणून त्या घंटांचा आवाज आपल्या देवळातल्या साध्या घंटेपेक्षा उदास लागतो, सणाच्या दिवशीही. मला तो कोमल गंधार ऐकू आला. खूप वेळ येत राहिला. आसेची लांबी काय असू शकते ते त्या दिवशी कळलं. पाण्यावरून एक पक्षी गेला, पलीकडच्या काठाला धुण्याचे दोन धपाटे पडले, आणि घंटा अजून आतल्या आत बोलत होती.

बूरेच्या अगदी पहिल्याच ठोक्याला वर मोकळा ई असतो आणि खाली तोच जी, ईचा कोमल गंधार. माझ्या खोलीत डुलणारा.

या सुइटची कहाणीही सांगण्यासारखी आहे. बाखच्या कृतींच्या यादीत तिचा क्रमांक ९९६. ल्यूटसाठीचं संगीत म्हणून ती ओळखली जाते, पण तिची जुनी हस्तप्रत बाखच्या नात्यातल्या वाल्टरच्या हातची आहे आणि तिच्यावर लाउटेनवेर्कसाठी अशी नोंद आहे. लाउटेनवेर्क म्हणजे पट्ट्या असलेलं, पेटीसारखं बोटांनी वाजवायचं वाद्य, पण आत आतड्याच्या तारा, ल्यूटसारखा आवाज काढणाऱ्या. बाख वारला तेव्हा त्याच्या घरातल्या वस्तूंच्या यादीत अशी दोन वाद्यं होती. आज त्या काळचं एकही लाउटेनवेर्क शिल्लक नाही. ल्यूटवाले म्हणतात हे आमचं, गिटारवाले म्हणतात आमचं, आणि ज्या वाद्यासाठी ते कदाचित लिहिलं गेलं ते वाद्यच संपलेलं. त्यामुळे गिटारवर बाख वाजवणं म्हणजे उसनवारी, असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. स्वतः बाखने आपली पाचवी चेलो सुइट ल्यूटसाठी पुन्हा लिहिली, ती त्याच्या हस्ताक्षरात आहे. त्याच्या संगीताला एका वाद्यातून दुसऱ्या वाद्यात जायची सवय त्यानेच लावली. सेगोव्हियाने १९२७मध्ये पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केलं त्यातही बाख होता, आणि १९३५मध्ये पॅरिसला त्याने बाखची व्हायोलिनसाठीची शाकोन गिटारवर वाजवली. त्या शाकोनची बाखच्या हातची प्रत १७२०ची. त्या वर्षी एप्रिलमध्ये बाजीराव पेशवे झाले. उन्हाळ्यात बाख आपल्या आश्रयदात्या राजपुत्राबरोबर परगावी गेलेला असताना त्याची बायको वारली, तो परत आला तेव्हा तिला पुरलंही होतं. शाकोन या दुःखातून आली असं अनेकजण सांगतात. पुरावा काही नाही. मला त्या कथेची गरजही वाटत नाही, ती रचना दुःखाच्या आधाराशिवायच पुरेशी मोठी आहे.

मला गिटार शिकवली पुण्यात कॅम्पमधल्या एका गोवेकर सरांनी. चर्चमध्ये लहानपणी सोल्फेज आणि व्हायोलिन शिकलेले, मग गिटारकडे वळलेले. गोव्यातल्या चर्चशाळांनी कित्येक पिढ्यांना स्वरलिपी वाचायला शिकवलं, त्या परंपरेतले. त्यांचा एक हट्ट होता. जाड तारांवरून बोट सरकलं की चर्रर्र आवाज येतो, तो त्यांना खपायचा नाही. जाड तारांवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते, तिच्या खाचांवरून बोटाचं पेर घासलं की हा आवाज. ते म्हणायचे, “बाबा, आधी उचल, मग सरक. ओढत नेऊ नकोस.” वर्गात मी हे करायचो आणि घरी विसरायचो. सर गेले त्याला बरीच वर्षं झाली. माइक आणल्यावर पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये ते मला पुन्हा रागावले असं वाटलं. समोर बसलेल्या माणसाला जो आवाज जाणवतही नाही, तो माइक दुप्पट करून दाखवतो.

माझी रेकॉर्डिंगची खोली म्हणजे घराच्या मागच्या अंगाची भाताची खोली. मुळशी आंबेमोहोराचा मुलूख, आता इंद्रायणीही भरपूर होतो. सुगीनंतर पोती इथेच रचली जात. जाड मातीच्या भिंती, एकच लहान खिडकी. टाळी वाजवून पाहिली तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज टप्पे खात जायचा. चारही कोपऱ्यांत भाताच्या तुसाची पोती छतापर्यंत लावली, भिंतींवर आईच्या हातच्या गोधड्या टांगल्या. तूस आणि गोधडी यांच्यासमोर महागडा फोम मला हलका वाटतो. पोत्यांनी खालचे सूर शोषले, गोधड्यांनी वरचे, आणि खोली फार बहिरी होऊ नये म्हणून एक भिंत उघडीच ठेवली. त्या भिंतीवरून येणारा थोडा परतीचा आवाज गिटारला हवा असतो, नाहीतर आस कानात पोचायच्या आतच तुटते.

माइक दोन, कंडेन्सर, लहान पडद्याचे. एकमेकांपासून १७ सेंटीमीटर, ११० अंशांचा कोन, गिटारपासून साधारण दोन हात लांब. नवा माणूस माइक गिटारच्या भोकासमोर ठेवतो, मीही ठेवला होता. गिटारच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा सूर शंभर कंपनांच्या आसपासच असतो, त्यामुळे भोकासमोर खालचे सूर ढोलासारखे फुगतात आणि वरचा आवाज त्यांच्यामागे लपतो. माइक बाराव्या फ्रेटकडे वळवला की दोन आवाज वेगळे होतात. बाखमध्ये हे फार महत्त्वाचं. बूरेत वर एक चाल आहे आणि खाली दुसरी, दोघीही स्वतःच्या पायांवर चालणाऱ्या. एक गाणं आणि एक साथ असं नातं त्यांच्यात नाही. आपण तंबोऱ्याच्या एका सुरासमोर एक गळा ऐकत मोठे झालो. इथे दोन गळे एकमेकांचं ऐकत गातात आणि ते दोन्ही एकाच हाताच्या चार बोटांतून काढायचे असतात. अंगठा खालचा गवई, बाकीची तीन बोटं वरचा. अंगठ्याचा सूर वरच्या सुराची आस संपेपर्यंत टिकला पाहिजे, तरच ऐकणाऱ्याला दोन माणसं दिसतात.

वेळेचं म्हणाल तर पावसाळ्यात इथे रेकॉर्डिंगचं नाव काढू नये. मुळशीचा पाऊस पत्र्यावर कोसळतो तेव्हा शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं, आणि लाकूड ओलं होऊन गिटारचा आवाज बसतो तो वेगळाच. पाऊस सरला की बेडूक, मग रातकिडे. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा असतो, टाळ-मृदंग चारच्या सुमाराला सुरू होतात, आणि मी माझे माइक गुंडाळून ते ऐकत बसतो. गावात मुलींची सैनिकी शाळा आहे, तिचा दिवसही लवकर उजाडतो. पिरंगुटच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक रात्रभर पौड रस्त्यावर असतात. राहतात ते डिसेंबर-जानेवारी, रात्री बारा ते तीन. थंडीत बोटं कडक होतात, नख ठिसूळ होतं, गरम पाण्यात हात बुडवून बसावं लागतं. पण हवा कोरडी असते आणि गिटार बोलते.

पहिल्या वर्षी मी तुकडे जोडून काम केलं होतं. आठ मात्रा या टेकमधल्या, चार त्या टेकमधल्या. कॉम्प्युटरवर हे इतकं सोपं झालंय की न करणं हाच निश्चय करावा लागतो. जोड कुठेही ऐकू येत नव्हता. तरीही काहीतरी मोडलेलं होतं. खूप दिवसांनी लक्षात आलं. प्रत्येक जोडापाशी मागच्या सुराची आस मधेच कापली गेली होती आणि तिथे दुसऱ्याच वेळेची आस येऊन चिकटली होती. कान प्रत्येक सूर ऐकत नाही, पण त्याचा मागचा धागा धरून चालतो, तो सुटला की तो अस्वस्थ होतो. मी ते सगळं पुसून टाकलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या आपण ऐकतो. सगळीकडे खरखर, साडेतीन मिनिटांत राग आवरलेला, आणि तरी त्यांचा षड्ज लागला की माणूस हातातलं काम थांबवतो. तो एका दमात गायलेला आहे. माझ्या बोटांना त्यांच्या पायाशीही बसायची योग्यता नाही, पण एका दमात वाजवणं मी करू शकतो. चूक झाली तर पहिल्यापासून.

तर ती रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावरून अण्णांकडे गेलो. मोटर बंद करा म्हणायला गेलो नव्हतो. माणूस थंडीत रात्री दोनला चिखलात उभा राहून बारं देतो, त्याला मी काय सांगणार. वीज दिवसा कधीपासून येईल एवढंच विचारायचं होतं, म्हणजे मला माझी रात्र ठरवता आली असती. बोलता बोलता ती ९८ आणि १००ची गोष्ट निघाली. अण्णा विळ्याला धार लावायला बसले होते. त्यांनी विळ्याच्या पात्यावर नख मारलं आणि कान लावला.

“आमची मोटर तुमच्या बाजात येती म्हना की.”

“येते. अगदी शेवटी, सूर बारीक झाला की.”

“किती येळ लागतोय तुमाला?”

“दोन मिनिटांचं आहे, अण्णा. पण एका झटक्यात जमत नाही.”

“धा मिनटं बंद ठिवतो. बाराला. गहू काय पळून जात न्हाय.”

मी नको म्हणालो. पाळी आठ तासांची आणि त्यातही मधे वीज जाते, मला माहीत होतं. त्यांनी विळा पुन्हा दगडावर घेतला, म्हणजे बोलणं संपलं.

रात्री बाराला खोलीत बसलो. दिवा बंद ठेवला, लॅपटॉपचा उजेड गोधडीआड केला. बरोबर बाराला गुणगुण थांबली. ती थांबल्यावर कळलं की ती केवढी होती. पोत्यांमागून तुसाचा कण घसरल्याचा आवाज आला. लांब कुठेतरी पाटातलं पाणी अजून वाहत होतं आणि हळूहळू तेही बसलं.

पहिला टेक, दुसऱ्या ओळीत नख तारेत अडकलं. दुसऱ्यात वरच्या फ्रेट्सकडे जाताना तिसरं बोट ओढत नेलं, सरांचा चर्रर्र. घड्याळ पाहिलं नाही, पाहिलं असतं तर हात घाई करायला लागले असते. गव्हाच्या सरीत पाणी थांबलेलं आहे एवढंच डोक्यात होतं. तिसरा टेक सुरू केला. वर ई, खाली जी. दोन गळे निघाले. पहिला भाग संपला तेव्हा तोच जी वाजला आणि मी तो विरेपर्यंत मनात मोजत राहिलो. तो सरळ गेला. एका रेषेत बारीक होत गेला आणि कुठे संपला ते सांगता येणार नाही इतका सावकाश संपला. मग पुनरावृत्ती, या वेळी एक लहानशी मुरकी जास्त घेतली. मग दुसरा भाग. शेवटचा ई वाजवला आणि हात तारांवरून उचलला नाही, नुसता तसाच धरून बसलो.

मोबाइलवर पाहिलं तेव्हा बारा वाजून चौदा मिनिटं झाली होती. अण्णांनी दहाच्या जागी चौदा मिनिटं दिली होती.

ते रेकॉर्डिंग १ मिनिट ५८ सेकंदांचं आहे. त्यातले शेवटचे अकरा सेकंद कुणी म्हणेल रिकामे आहेत. ईची आस संपत जाते, खोली उरते, आणि अगदी टोकाला, बांधापलीकडून, स्टार्टरचा खटका येतो. तो मी कापलेला नाही.